उसने बुढे

सरूआत्या लोकांच्या घरून म्हातारी माणसं उसनी न्यायची.

विरजण न्यावं, पाटा-वरवंटा न्यावा, कार्य निघालं की शेजारची सतरंजी न्यावी, तशी. सकाळची कामं आटोपली की पदर कमरेला खोचून ती दारात यायची आणि आत न येताच ओरडायची, "तुमचा बुढा रिकामा हाये का जी आज?" आमच्याकडे म्हाताऱ्याला बुढा म्हणतात, म्हातारीला बुढी. त्यात अपमान नसतो, निदान सरूआत्याच्या तोंडी तरी नसायचा. बुढा रिकामा असला की ती त्याचा हात धरून घेऊन जायची आणि दिवेलागणीच्या आधी परत आणून सोडायची. उसनं आणलेलं भांडं रिकामं परत करू नये म्हणतात, ती रीतसुद्धा पाळायची. परत येणाऱ्या बुढ्याच्या हातात एखादं संत्रं, वातींची जुडी नाहीतर मूठभर फुटाणे असायचेच. काहीच नसलं तर म्हणायची, "घ्या तुमचा बुढा. जसा नेला तसा आनला. नखं काढून देल्ली, ते वरून."

मी सौंसरची. लग्न होऊन पांढुर्ण्याला आले तेव्हा स्वराज्य येऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. घरात सासू नव्हती. आमचे हे नागपूरला सचिवालयात कारकून होते. शनिवारच्या गाडीनं यायचे, सोमवारच्या गाडीनं जायचे, आणि तिकडे एका खोलीत तिघांबरोबर राहायचे, त्यामुळे मला नेण्याचा प्रश्नच नव्हता. घरात उरलो मी आणि माझे सासरे, म्हणजे मामाजी.

मामाजी मोहगावकडच्या एका मालगुजाराचे, म्हणजे गावांचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदाराचे, दिवाणजी होते. सरकारनं मालगुजारी काढून घेतली तेव्हा मालगुजारांचं काय करायचं, शेतीचं काय करायचं, सगळं ठरलं होतं. दिवाणजींचं काय करायचं ते कोणी ठरवलं नव्हतं. ते घरी येऊन बसले. आधी गप्प झाले, मग विसरू लागले. जेवून हात धुतले की विचारायचे, "आज सैपाक नाही का?" कधीकधी मलाच कोण्या कुळाची बायको समजायचे आणि डोळे मिटून, मोठ्या उदार मनानं म्हणायचे, "जा बाई, यंदाचा सारा माफ." सारा माफ झाल्यावर मी पुन्हा भांडी घासायला जायचे.

अशात एक दिवस सरूआत्या आमच्या दारात आली. मी तिला ओळखत नव्हते. तिनं नेहमीचा प्रश्न विचारला आणि मला राग आला.

"आमच्याकडे बुढा नाही," मी म्हटलं. "मामाजी आहेत."

"तेच मांगून राहिली मी."

"कशाला?"

"कायले म्हंजे? बसवाले."

"ते घरी बसलेलेच आहेत."

"घरीच बसून राहिले, तेच तं सांगून राहिली!" ती एक पायरी वर चढली. "पोरी, तुह्या बापाचा संत्र्याचा बगीचा हाये म्हनते न सौंसरले? मंग तुले मालूम पाह्यजे. पेटीतलं संत्रं कोपऱ्यात दाबून ठेवलं का तेच पयले नासते. हवेशीर ठेवाव लागते."

सासऱ्याला संत्रं म्हणणाऱ्या बाईला काय उत्तर द्यावं याचा मी विचार करत होते, तेवढ्यात मामाजी काळी टोपी घालून, उपरणं घेऊन माझ्या मागे येऊन उभे राहिले. बऱ्याच दिवसांनी त्यांनी आपणहून टोपी घातली होती.

"मालकानं बोलावलं का?" त्यांनी विचारलं.

"हो जी," आत्या म्हणाली. पापणीसुद्धा हलली नाही तिची. "कधीचे वाट पाहून राहिले. चला लवकर."

आणि माझ्या डोळ्यांदेखत ती माझ्या सासऱ्यांना घेऊन गेली. मी दाराला कडी लावून मागोमाग निघाले. नवी सून भर रस्त्यानं एकटी चालली म्हणून दोन बायका खिडकीत आल्या, पण सरूआत्या पुढे चाललेली दिसली तशा परत आत गेल्या. पुढे मला कळलं की त्या आळीत सरूआत्याच्या मागे चालणं हे सगळ्या प्रश्नांचं उत्तर होतं.

तिचं घर म्हणजे भावाचं घर. भाऊ कापसाचा व्यापारी होता, तो वारला. भाचे नागपूरला गेले. एवढ्या मोठ्या घरात ती एकटी होती आणि परसात सरकी साठवायचं रिकामं कोठार होतं. ते कोठार तिनं शेणानं सारवून घेतलं होतं, एका बाजूला चूल मांडली होती, भिंतीला टेकायला सरकीची जुनी पोती भरून ठेवली होती. तिथे पाच-सात म्हातारी माणसं बसलेली होती आणि सगळी काहीतरी करत होती. कोणी वाती वळत होतं, कोणी तुरीतले खडे निवडत होतं, कोणी संत्र्याच्या साली उन्हात पसरत होतं. रिकामा बसलेला एकही नव्हता. रिकामं बसायची तिथे मनाईच होती.

"हातपाय चालत नसन तं तोंड चालवा," ती म्हणायची. "भजन म्हना, गोष्ट सांगा. पन उगामुगा बसू नोका. उगामुगा बसलं का यमाले वाटते आपल्यालेच बोलावून राहिले."

तोंड चालवायलाही नियम होते. सुनांच्या चहाड्या दुपारच्या चहाच्या आधी सांगायच्या नाहीत. चहानंतर मात्र मुभा होती आणि तेव्हा आळीतल्या एकेका सुनेचा निकाल लागत असे. माझाही लागला असेल. एकदा मी अवेळी गेले तर सगळे एकदम गप्प झाले आणि झिंगरूजी घाईघाईनं म्हणाले, "भाकर बाकी चांगली करते हो."

हे झिंगरूजी आंधळे होते. पूर्वी त्यांचा तेलाचा घाणा होता. त्यांच्या हातांना तेलाची सवय होती, म्हणून आत्यानं त्यांच्याकडे सगळ्यांच्या गुडघ्यांची मालिश दिली होती. चंद्रभागाबाई ठार बहिऱ्या, पण नजर घारीची. झिंगरूजींना परसाकडे नेऊन आणायचं काम चंद्रभागाबाईंचं, आणि दारात कोण आलं, चुलीवर काय उकळतंय, हे ऐकून चंद्रभागाबाईंना खुणेनं सांगायचं काम झिंगरूजींचं. दोघं दिवसभर भांडायची. तिला ऐकू येत नसे आणि त्याला तिचं तोंड दिसत नसे, त्यामुळे भांडण कोणी जिंकलं हे कधीच ठरलं नाही.

सरूआत्याला लाज हा प्रकार माहीत नव्हता. सकाळी बुढे गोळा करताना ती प्रत्येकाला जीभ बाहेर काढायला लावायची आणि भर रस्त्यात खड्या आवाजात विचारायची, "पोट साफ झालं का?" शाळेच्या हेडमास्तरांकडे जावई पहिल्यांदा आला होता. जावयाला पानसुपारी देणं चाललं होतं आणि बाहेरून आत्याचा आवाज आला, "मास्तर, तुमच्या बाबाचं काल झालं नव्हतं, आज झालं का?" जावयानं विडा खाली ठेवला. मास्तरांनी पुढे महिनाभर आत्याशी अबोला धरला. बाबा मात्र रोज कोठारात येत राहिले, आणि आत्या अबोला धरलेल्या मास्तरांशी रोज बोलत राहिली.

सुताराची आई लकव्यानं आडवी पडली तेव्हा तिला उसनी नेता येईना. आत्या म्हणाली, "तिले इथं आनता येत नाही तं काय झालं? आपन तं जाऊ शकतो." मग दर बाजाराच्या दिवशी सगळं कोठार उठून सुताराच्या घरी जाऊन बसायचं. तिथेच वाती, तिथेच तूर, तिथेच चहानंतर सुना. आणि सुताराची सून त्या दिवशी मोकळी. बाजारात जायची, देवळात जायची, एकदा तर नुसती माहेरच्या मैत्रिणीकडे जाऊन झोपून आली. बाकीच्या दिवशी चार घरांतल्या चार सुनांनी पाळीनं यायचं, म्हातारीला कुशीवर वळवायचं, पाठ पुसायची. त्यात एक मी होते. कमरेखाली चादर घालून, दोन्ही टोकं धरून जड माणसाला कसं वळवायचं हे आत्यानं मला शिकवलं. "उचलू नोको, सरकव. मानूस हाये, पोतं नाही. वळवाच्या आधी सांगाव लागते, 'माय, आता वळवतो तुले.' सांगितलं का अंग हलकं होते तिचं."

खरंच व्हायचं.

तिनं कुणापुढे हात जोडल्याचं मला आठवत नाही. ती हुकूम सोडायची. न्हाव्याला म्हणायची, "अमावस्या सोडून सवडीनं ये अन् समद्याईची दाढी करून जा, तुहा बापही इथंच बसते." ताक एका घरून यायचं, कण्या दुसऱ्या घरून. ताकात शिजवलेल्या ज्वारीच्या कण्या दात नसलेल्यांना खूप आवडायच्या. कोणी म्हणालं, "आत्या, आमच्या घरात तर कोणी बुढं नाही, आम्ही कशाला द्यायचं?" तर ती त्याला खालीवर न्याहाळून म्हणायची, "तू होशीन न."

मामाजी एकदा तिथून निसटले. चंद्रभागाबाईंनी फाटकातून टोपी जाताना पाहिली आणि एवढी बोंब मारली की शेजारच्या कापसाच्या जिनिंगमधले मजूर आग लागली समजून धावत आले. मामाजी सापडले स्टेशनावर, मालधक्क्याजवळ. संत्र्याच्या पेट्या चढवणाऱ्या हमालांना ते ओळीत उभं राहायला सांगत होते, आणि गंमत म्हणजे दोघंजण उभेही राहिले होते. मी रडकुंडीला आले होते. मला वाटलं आत्या आता रागावणार. ती जवळ गेली आणि म्हणाली, "दिवानजी, तपासनी झाली का?"

"झाली," मामाजी म्हणाले. "पेट्या बरोबर आहेत. माणसं आळशी आहेत."

"मंग चला. मालकानं बंडी पाठवली हाये."

स्टेशनाबाहेर कोणाची तरी कापूस उतरवून रिकामी झालेली बंडी उभी होती. आत्यानं त्या गाडीवानाला काय सांगितलं कोण जाणे. मामाजींना तिनं पुढे बसवलं, मागे आम्ही दोघी, आणि त्या बंडीनं आम्हाला अख्ख्या बाजारातून फिरवून आणलं. मामाजी दोन्ही बाजूंच्या लोकांचे नमस्कार घेत होते. आत्या मागून लोकांना खुणावत होती, "करा, करा, नमस्कार करा."

मग राज्यांची फेररचना आली.

कोठारात त्याची चर्चा महिनाभर आधीपासून होती. नागपूर आमच्यापासून एवढं जवळ, सगळ्यांची पोरं नागपूरला, लग्नाचे शालू नागपूरचे, डोळ्याचा डॉक्टर नागपूरचा. ते नागपूर आता मुंबई राज्यात जाणार आणि आम्ही मध्यप्रदेशात राहणार, राजधानी भोपाळ. हेडमास्तरांच्या बाबांनी वर्तमानपत्र वाचून दाखवलं. झिंगरूजींनी विचारलं, "म्हंजे सरहद्द कुठून जाईन? सौंसरच्या पुढून का अलीकडून?" ते कोणाला सांगता येईना. चंद्रभागाबाई सगळ्यांच्या ओठांकडे पाहत होत्या.

"का म्हनून राहिले? नागपूरले का भेटलं?"

"मुंबई!" झिंगरूजी ओरडले.

"अन् आपल्याले?"

"भोपाळ!"

"भोपळा?" चंद्रभागाबाई म्हणाल्या. थोडा विचार करून त्यांनी मान हलवली. "आपल्याले नेहमी तेच भेटते."

सगळे हसले. पण माझं हसू फार टिकलं नाही, कारण त्या भोपाळात माझंही नाव निघालं. सचिवालयातली माणसं दोन राज्यांत वाटली गेली. आमचे हे भोपाळच्या वाट्याला आले. तिकडे सरकारी क्वार्टर मिळणार होतं, दोन खोल्यांचं. म्हणजे आता मला नेता येणार होतं. आणि मामाजींना?

"त्यांनाही न्यायचं," हे म्हणाले. "त्यात विचारायचं काय?"

सरूआत्याला हे कळलं तशी ती तडक घरी आली. पहिल्यांदाच ती उंबरा ओलांडून आत आली आणि जमिनीवर बसली.

"बाबू, बुढ्याले नेऊ नोको."

"आत्या, लोक काय म्हणतील? बापाला गावात टाकून पोरगा राजधानीत जाऊन बसला म्हणतील."

"म्हनतीन तं म्हनू दे. तिकडं बुढ्याले मोरी कुठी हाये हे लोक येऊन सांगनार हायेत का?"

"मी सांगेन. मी मुलगा आहे त्यांचा."

"तू कचेरीत जाशीन."

"ही आहे घरी."

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. मला दिवस गेले होते, अजून कोणाला सांगितलं नव्हतं. तिनं पाहिलं आणि तिला कळलं, हे मलाही कळलं. यांचा आवाज चढला होता. "आत्या, तुमचे उपकार आहेत. पण आमच्या घरचा माणूस आमच्या घरी राहील."

"बरं बाप्पा," म्हणून ती उठली. दारात थांबून म्हणाली, "मोरीच्या दाराले लाल फडकं बांधजा."

निघायच्या दिवशी ती स्टेशनावर आली. मामाजींना म्हणाली, "दौऱ्यावर चालले न दिवानजी? लवकर येजा." गाडी इटारसीकडे निघाली तेव्हा मामाजी खिडकीतून मोठ्या ऐटीत हात हलवत होते.

भोपाळला मी मोरीच्या दाराला लाल फडकं बांधलं. पण मामाजींना फडकं दिसायचं, ते कशासाठी आहे ते कळायचं नाही. क्वार्टरांची एक लांबच लांब ओळ होती, सगळी दारं सारखी. शेजारी चांगले होते. जबलपूरकडच्या एक बाई होत्या, त्या मला लोणचं द्यायच्या, मामाजींना "बाबूजी" म्हणायच्या. पण बाबूजी म्हटलं की मामाजी मागे वळून पाहायचे, कोणाला हाक मारली म्हणून.

रोज सकाळी हे कचेरीत गेले की मामाजी टोपी घालायचे, उपरणं घ्यायचे आणि दारात जाऊन उभे राहायचे. मी म्हणायचे, "मामाजी, बसा ना आत." ते म्हणायचे, "येतीलच आता." जेवायला बोलावलं तरी हलायचे नाहीत. ऊन पायांवरून सरकत उंबऱ्याच्या आत यायचं, आणि मग ते टोपी काढून भिंतीकडे तोंड करून निजायचे. हळूहळू जेवण सुटलं. मी कण्या करायचे, ताक घालायचे. मामाजी दोन घास खाऊन वाटी सरकवायचे.

एक दिवस मी ओकाऱ्यांनी आडवी पडले होते आणि ते बाहेर पडले. संध्याकाळी यांना ते तलावाच्या काठी सापडले. अनवाणी होते. लोकांना विचारत होते, "बंडी कुठं आहे?" बंडी म्हणजे बैलगाडी हे तिथे कोणालाच माहीत नव्हतं, तिकडे बंडी म्हणजे जाकीट, त्यामुळे त्यांचं जाकीट हरवलं असं समजून लोक बाकाखाली शोधत होते. हे सांगताना यांना हसू आलं, आणि हसता हसताच यांनी तोंडाला पंचा लावला.

तिसऱ्या दिवशी जेवताना हे ताटाकडे पाहत म्हणाले, "तुम्ही दोघं परत जा. मी येत जाईन महिन्या-दोन महिन्यांनी."

"लोक?" मी विचारलं.

"म्हणतील तर म्हणतील," हे म्हणाले.

पांढुर्ण्याला उतरून घरी न जाता आम्ही सरळ कोठारावरच गेलो. मामाजींनीच तिकडे पाय वळवले. सरूआत्या तूर पाखडत होती. तिनं वर पाहिलं. मामाजींच्या गालांची हाडं वर आली होती.

"आले का जी दौऱ्यावरून?"

"आलो," मामाजी पोत्याला टेकून बसत म्हणाले. "तिकडं वसुली काही झाली नाही."

"नसन झाली. मुलूखच तसा हाये. घ्या, वाती वळा."

एवढं बोलून ती सूप घेऊन चुलीमागे गेली आणि तिथे बराच वेळ भांडी आपटत राहिली. हे अवघडून उभे होते. "आत्या रागावली वाटतं," मला म्हणाले. झिंगरूजींनी मान तिरकी करून कान दिला. "रागावली नाही बाबू," ते हळूच म्हणाले. "नाक ओढून राहिली थे."

पुढे मी बाळंतपणाला सौंसरला गेले. त्या दिवसांत मामाजी कोणाकडे जेवले, कोणाच्या ओसरीवर निजले, त्यांचं धोतर कोणी धुतलं, हे मला नीटसं कधीच कळलं नाही. ज्याला विचारलं तो म्हणाला, "काही नाही जी, होते इथंच." मी मुलगी घेऊन परत आले तेव्हा त्यांच्या अंगावर थोडं मांस चढलं होतं आणि टोपी धुतलेली होती.

बारशाला सगळी आळी आली, आत्या आली नाही. निरोप आला, कमरेत उसण भरली. मी हिरमुसले. तेव्हा शेजारणी म्हणाल्या, तिचं नेहमीचंच आहे, लग्न असो, मुंज असो, बारसं असो, सरूआत्याची कंबर बरोबर त्याच दिवशी धरते. दुसऱ्या दिवशी ती सुताराच्या आईला एकटीनं उठवून बसवत होती.

मग मीच चार दिवसांनी मुलीला दुपट्यात गुंडाळून कोठारात गेले.

तिथे एकच गोंधळ उडाला. ज्याला त्याला ती आधी हवी. आत्या चुलीपासून ओरडत होती, "हात धुवा पयले! तंबाखूचे हात लावू नोका! मास्तरच्या बाबा, तुम्ही खोकून राहिले, तुम्ही दुरून पाहा!" झिंगरूजींनी तिची पावलं चाचपली आणि म्हणाले, "पाय लांब हायेत. ही घरात राहात नसते." चंद्रभागाबाई म्हणाल्या, नाक थेट दिवाणजींचं. मामाजींनी तिला मांडीवर घेतलं आणि तिचाही सारा माफ करून टाकला.

"आत्या, तुम्ही घ्या ना," मी म्हटलं.

"मले चहा पाहाचा हाये."

"चहा मी बघते. तुम्ही घ्या."

"नोको, नोको." ती मागे सरकली. भिंत लागेपर्यंत मागे सरकली. सरूआत्याला मागे सरकताना मी तोवर पाहिलं नव्हतं.

चंद्रभागाबाई माझ्या कानाशी वाकल्या. बहिऱ्या माणसाचं कुजबुजणं, ते फाटकापर्यंत ऐकू गेलं. "देऊ नोको तिले, घेनार नाही थे. इतलीशी होती तवाच नवरा मेला तिचा. तवापासून कोनी लेकरू देल्लं नाही तिच्या हाती. भावाचे पोट्टे याच घरात झाले, पन भावजयीनं एकाले शिवू देल्लं नाही. म्हने हात वाईट हाये."

वाती वळणारे हात थांबले.

"झालं का बोलून, चंद्रभागाबाई?" आत्यानं विचारलं.

"आँ?" चंद्रभागाबाई म्हणाल्या.

मामाजींना यातलं काहीच कळलं नव्हतं. त्यांचा हात भरून आला होता आणि मुलगी त्यांच्या कोपरावरून घसरायला लागली होती. ते म्हणाले, "सरूबाई, धरा हो हिला. हात दुखतोय माझा."

"सूनबाई हाये न तिथं," आत्या म्हणाली.

"तुम्ही धरा. मला रोज उठवता, हिला नाही का उठवणार?"

मी पुढे झाले होते. तिथेच थांबले. मामाजींचा हात आणखी खाली आला, आणि आत्या दोन ढांगांत तिथे पोचली. मुलीला तिनं दोन्ही तळव्यांवर घेतलं, पूजेचं ताट धरावं तसं, अंगापासून लांब. खांदे वर चढलेले. लकव्याच्या बाईला एकटीनं कुशीवर वळवणारी सरूआत्या त्या एवढ्याशा गाठोड्याखाली ताठ उभी होती.

"पोरी," ती म्हणाली. आवाज इतका बारीक की माझ्याशी बोलतेय हेच मला आधी कळलं नाही. "इची मान कशी धराची?"

मी तिचं कोपर धरून वळवलं आणि मुलीचं डोकं तिच्या दंडावर ठेवलं. "अशी."

"अशी?"

"हो. आता छातीशी घ्या. पडत नाही ती."

आत्या भिंतीला धरून हळूहळू खाली बसली. मी चहा केला, सगळ्यांना दिला. तिचा पेला तिच्या गुडघ्याजवळ ठेवला, तो तसाच राहिला. दोन्ही हात गुंतलेले होते आणि एक मोकळा करायची तिची तयारी नव्हती. चहानंतर त्या दिवशी सुनांचा विषय निघाला नाही. झिंगरूजी खालच्या आवाजात काहीतरी भजन म्हणत होते.

उन्हं कलली तशी मी उठले. मुलीला घ्यायला वाकले.

"झोपली हाये," आत्या माझ्याकडे न पाहता म्हणाली. "उठवू नोको. राहू दे थोडी."

मुलगी टक्क डोळे उघडे ठेवून तिच्या तोंडाकडे पाहत होती.

"बरं," मी म्हटलं आणि पुन्हा खाली बसले.